कोहमारा ते इटियाडोह: सायकलवरच्या कॅमेऱ्याची पिशवी

कोहमारा फाट्यावर नागपूर-रायपूर महामार्ग सोडला, की नवेगावबांधपर्यंत डांबरी सडक आहे. तिथून अर्जुनी मोरगाव, पुढे गोठणगाव आणि इटियाडोह धरण. एवढ्या वाटेवर कुठलीही बरी पिशवी चालून जाते. पण गोंदियाच्या या भागात कॅमेरा घेऊन येणारा डांबरावर थांबत नाही. सारस दिसतो तो धानाच्या बांध्यांत, आणि हिवाळ्यातले पाहुणे पक्षी उतरतात ते मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर. तिथे पांदणीनेच जावं लागतं. पावसात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या नोव्हेंबरात विटेसारख्या कडक होतात. पिशवीची खरी परीक्षा या चाकोऱ्यांतच होते.

बहुतेक जण कॅमेरा मागच्या कॅरिअरला बांधतात. मला ती सर्वांत वाईट जागा वाटते. कॅरिअर मागच्या चाकाच्या आसाजवळ घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक हादरा जसाच्या तसा वर येतो. एखाद्या मोठ्या गचक्याने सहसा काही बिघडत नाही. तासन्‌तास चालणारी बारीक थरथर मात्र लेन्सचे इवलेसे स्क्रू सैल करते, फिल्टरचे आटे सोडवते. लेन्सचं झाकण निघून काचेवर घासत राहतं. निघण्यापूर्वी लेन्स कानाशी धरून हलकेच हलवावी आणि आवाज लक्षात ठेवावा. स्टॅबिलायझर, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा असलेल्या काही लेन्स बंद असताना मुळातच खुळखुळतात. पहिला आवाज ऐकलेला नसेल, तर परतल्यावर ती खुळखुळ जुनी की नवी हे कळत नाही. कॅरिअरशिवाय इलाजच नसेल, तर पिशवीच्या तळाशी 6 मिमीच्या योगा मॅटचे दोन थर कापून घालावेत आणि टायरमधली हवा टायरवर छापलेल्या मर्यादेत राहून थोडी कमी करावी.

हँडलवरची पिशवी हाताशी असते, हा तिचा मोठा गुण. छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि आखूड लेन्स असेल तर ती जरूर घ्यावी. वजन दोन-अडीच किलोच्या पुढे गेलं, की चाकोरीत हँडल आपलं ऐकत नाही.

पाठीवरच्या सॅकमध्ये कॅमेऱ्याला हादरे सर्वांत कमी बसतात, कारण गुडघे, कोपर आणि पाठ मिळून ते झेलतात. पण चार किलोंच्या वर सगळा भार मनगटांवर आणि बैठकीवर येतो, आणि पाठीचा घाम फोममध्ये उतरतो. ट्रायपॉड किंवा पंप कण्याच्या रेषेत कधीच ठेवू नये; पाठीवर पडलात तर तोच कण्यात रुततो. शिवाय सॅक उतरवून, चेन उघडून कॅमेरा निघेपर्यंत सारसाची जोडी दोन धुरे ओलांडून गेलेली असते.

म्हणून एक बॉडी आणि दोन लेन्स एवढ्याच सामानासाठी मी एका खांद्यावरून तिरकी घ्यायची, 6 ते 10 लिटरची पिशवी सुचवतो. तिला तिसरा पट्टा हवाच, काखेखालून किंवा कमरेभोवती जाणारा. तो नसेल तर वाकल्याबरोबर पिशवी पोटाखाली घसरते आणि पेडल मारताना गुडघा तिच्यावर आपटतो. दुकानात सरळ उभं राहून पिशवी बघण्यात अर्थ नाही. खांद्यावर घेऊन, हँडल धरल्यासारखं वाकून, एकेक गुडघा वर उचलून बघावं.

माप घरूनच घेऊन जावं. रोजची लेन्स लावलेली, हूड (लेन्सच्या तोंडावरचं, आडवा उजेड अडवणारं कडं) उलटा बसवलेला, असा कॅमेरा मोजायचा. डीएसएलआर (आरशाचा मोठा कॅमेरा) आणि 70-300 मिमीची लेन्स मिळून साधारण 22 सेंमी भरतात. फोमसाठी दोन सेंमी वाढवून आतली लांबी 24 धरावी. पिशवी आखूड पडली तर प्रत्येक वेळी लेन्स काढावी लागते, आणि मुरमाच्या सडकेवर लेन्स काढणं म्हणजे सेन्सरवर धूळ बोलावणं. फोम अंगठ्याने दाबून पाहावा. पलीकडचं बोट जाणवलं तर ती पिशवी ठेवून द्यावी. झाकण अंगापासून दूर उघडणारं हवं, म्हणजे कॅमेरा वर उचलून थेट डोळ्याला लावता येतो. बाहेरून वेल्क्रो असलेली पिशवी या भागात घेऊच नये. गवताची कुसळं त्यात अशी रुततात, की दोन दिवसांत ते चिकटेनासं होतं. चेनला दोन सरक असतील तर ते मध्यभागी भेटवू नयेत, थरथरीने उघडतात. दोन्ही एका टोकाला नेऊन ठेवावेत.

पंक्चरचं सामान सीटखालच्या वेगळ्या पिशवीत. बाभळीचा काटा आणि गोखरू इथे कुणाला सोडत नाहीत, त्यामुळे सोल्यूशनची नळी वारंवार उघडते, आणि तेलकट हात कॅमेऱ्याच्या कप्प्यात जाता कामा नये. पाण्याची बाटलीही त्या कप्प्यात नको.

पिशवीसोबत मिळणारं पावसाचं आवरण पुढून झाकतं, पाठीकडून नाही. तोंड गुंडाळून बंद होणारी 10 लिटरची, पाणी न शिरणारी थैली आत ठेवावी. खताच्या गोणीतलं प्लास्टिक फुकट मिळतं, पण त्याला चिकटलेले युरियाचे कण हवेतली ओल ओढतात. ते कॅमेऱ्याजवळ नको.

आता साठवणीचं. धानाच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते, आणि कॅमेऱ्याची पिशवी ही कॅमेरा ठेवायची सर्वांत वाईट जागा ठरते. फोम घाम आणि ओल धरून ठेवतो, आत अंधार असतो, वारा नसतो. बुरशीला आणखी काय हवं? प्रवास संपला की पिशवी रिकामी करावी, ब्रशने झाडावी, साध्या साबणाने पुसावी आणि सावलीत दोन दिवस उघडी ठेवावी. कॅमेरा आणि लेन्स रबरी कड असलेल्या हवाबंद डब्यात, सोबत छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांवर ठेवायचा. 60 च्या वर गेला की बुरशीला वाव मिळतो, आणि 30 च्या खाली रबर व वंगण सुकतं.

10 लिटरच्या डब्याला 100 ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, पुरतं. केशरी दाणे हिरवे पडले की ते भरले असं समजावं, आणि मंद आचेवर, करपू न देता, पुन्हा केशरी होईपर्यंत तापवावेत. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. बॅटरी काढून, अर्धी भरलेली, वेगळी ठेवावी. कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर उघडा कॅमेरा तिथे नको.

नोव्हेंबरात धान कापणीला आलं, की निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक लेन्स उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती लेन्स पिशवीत भरू नये. वेगळ्या डब्यात ठेवून साफसफाईला द्यावी, आणि जुन्या डब्यातलं सिलिका जेल त्याच दिवशी तापवावं.