होडीसाठी हातातला जीपीएस निवडताना

आमची होडी फायबरची, उघडी, मागे आउटबोर्ड मशीन. वर छप्पर नाही, बॅटरी ठेवायला कोरडी जागा नाही. ट्रॉलरवर बसवतात तसला मोठ्या पडद्याचा चार्टप्लॉटर, म्हणजे सागरी नकाशावर होडीची जागा दाखवणारं यंत्र, त्यामुळे बादच होता. फोन होताच, आणि रेंज गेली तरी फोनमधला जीपीएस चालतो, हेही खरं. पण ओल्या, खारट बोटांना टच स्क्रीन दाद देत नाही, भर उन्हात पडदा काळाठिक्कर दिसतो आणि तो सतत चालू ठेवला की दुपारपर्यंत चार्ज संपतो. मला फोन अडीअडचणीला बोलण्यासाठी राखून ठेवायचा होता.

बाबा मालवणच्या पाण्यात आयुष्यभर गरीने मासे गरवत आले. खडपाची, म्हणजे पाण्याखालच्या खडकाची, जागा ते किनाऱ्यावरच्या खुणांनी धरतात. किल्ल्याचा बुरूज मागच्या डोंगराच्या खिंडीत आला की एक रेष, दुसऱ्या बाजूची देवळाची खूण माडांच्या टोकावर आली की दुसरी. दोन रेषा छेदल्या की खाली तांबोशी नाहीतर गोबरा मासा. आभाळ स्वच्छ असेल तर ही जागा हुकत नाही. धुरकट सकाळी आणि काळोखात मात्र खुणाच नसतात. यंत्र घ्यायचं म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "खडपां ह्येका दिसतत?"

नाही दिसत. माझी निवड पुढे याच उत्तरावर ठरली. हातातल्या यंत्रात जो जगाचा नकाशा भरून येतो, त्यात किनारा ढोबळ असतो, पाण्याखालचा खडक नसतो. सागरी चार्ट वेगळे विकत घ्यावे लागतात. मालवण बंदराच्या वाटेवर खडकांची जी दाटी आहे, तिथे तळहाताएवढ्या पडद्यावरच्या चार्टच्या भरवशावर मी तरी होडी घालणार नाही. म्हणजे आमचा नकाशा आम्हालाच भरायचा होता, बाबांच्या खुणांवरून, एकेक बिंदू करून. तसं असेल तर नकाशावर पैसे घालण्यापेक्षा बिंदू पटकन नोंदवणारं, पाण्यात तग धरणारं आणि उन्हात वाचता येणारं यंत्र बरं.

गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स पहिल्यांदा हातात घेतलं. २.२ इंची पडदा उन्हात दिवा न लावताही स्वच्छ वाचता येतो, दोन पेन्सिल सेलवर कंपनी २५ तास सांगते. डोंगर चढणाऱ्याला उत्तम. पण ते पाण्यात पडलं तर बुडतं. 'आयपीएक्स७' या खुणेचा अर्थ एवढाच, की १ मीटर पाण्यात ३० मिनिटं आत पाणी जाणार नाही. आमच्याकडे पाणी वावांत मोजतात, एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढी खोली. हातातून निसटलेलं यंत्र तरंगलं नाही तर ते जलरोधक असून उपयोग काय? दुसरी गोष्ट होकायंत्राची. २२एक्समध्ये चुंबकीय होकायंत्र नाही, त्यामुळे होडी चालत असेल तेव्हाच दिशा खरी कळते. मशीन बंद करून प्रवाहाबरोबर वाहत गरी सोडली की दिशादर्शक बाण भरकटतो. गरवणाऱ्याला नेमकी तेव्हाच दिशा हवी असते.

दुबईच्या मावसभावाने सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र आणतो म्हणून सांगितलं. मी त्याला निक्षून नको म्हटलं. तसली यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, आणि विमानतळांवर, अगदी गोव्यातही, परदेशी प्रवाशांना त्यावरून अडवलेलं आहे. नुसता जागा दाखवणारा जीपीएस घ्यायला तशी अडचण नाही.

शेवटी जीपीएसमॅप ७९एस घेतला. महाग पडला. पण तो तरंगतो, पडदा ३ इंची आहे, होकायंत्र आत आहे, १०,००० बिंदू मावतात आणि माणूस पाण्यात पडला तर एक बटण दाबून धरलं की ती जागा नोंदली जाते. या शेवटच्या सोयीसाठी मी आणखीही पैसे मोजले असते. रात्री लाटेत माणूस काही क्षणांत दिसेनासा होतो, तेव्हा मेनू शोधत बसायला वेळ नसतो.

घरी आणल्यावर खरं काम सुरू झालं. पहिलं, अक्षांश-रेखांशाची लिहिण्याची पद्धत. इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राच्या, मासे कुठे मिळतील ते सांगणाऱ्या सल्ल्यात जागा अंश, मिनिटं, सेकंद अशी असते. यंत्र मात्र मुळात अंश आणि दशांश मिनिटं दाखवतं. १६ अंश २ मिनिटं ३० सेकंद हे जर १६ अंश २.३० मिनिटं म्हणून भरलं, तर ०.२ मिनिटांचा फरक पडतो. अक्षांशाचं १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणजे तुम्ही जागेपासून ३७० मीटर लांब! खडप एवढं मोठं नसतं. सल्ल्यात अंतर किलोमीटरमध्ये असतं, तेही ध्यानात ठेवायचं, कारण आम्ही यंत्र सागरी मैलांवर लावलं आहे.

मग स्वच्छ दिवस धरून बाबांना घेऊन निघालो. ते खुणा जुळवायचे, "हयच!" म्हणायचे, मी बटण दाबायचो. बंदरात शिरायची वाट भरती-ओहोटी कमी असते त्या भांगाच्या दिवसांत नाही, उधाणाच्या ओहोटीला नोंदवली. त्या वेळी पाणी सर्वांत खाली जातं आणि एरवी झाकलेले खडक उघडे पडतात. भरतीला नोंदलेल्या वाटेने ओहोटीला परतणं धोक्याचं. तसंच 'इथे जा' म्हटलं की यंत्र सरळ रेष ओढतं, मग मध्ये खडक असो की जमीन. म्हणून परतताना आम्ही ती रेष धरत नाही, नोंदलेल्या वाटेने उलट येतो.

सेल रिचार्जवाले वापरतो. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलला नाही तर चार्ज चुकीचा दिसतो, कारण ते १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. घरी आलं की यंत्र गोड्या पाण्याने धुवायचं, सेलचं झाकण उघडण्याआधी पुसून कोरडं करायचं. खार आत गेला की पट्ट्या गंजतात.

एक गोष्ट मात्र या यंत्राकडून होत नाही. आपण कुठे आहोत हे ते आपल्याला सांगतं, किनाऱ्यावर कुणाला नाही. त्यासाठी व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६ आणि फोनची रेंज असेल तिथे तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर. हे दोन्ही आकडे मी यंत्राच्या पाठीवर पक्क्या शाईने लिहिले आहेत. सगळे बिंदू वहीतही उतरवलेत आणि वही घरी आईकडे असते. कुठल्या खडपावर जातोय ते निघताना तिला सांगतो, म्हणजे शोधायची वेळ आली तर कुठून सुरुवात करायची ते तिला सांगता येईल.