वाटा आणि वतन

जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात देव अहरोन या पहिल्या महायाजकाला सांगतो, की इस्राएलाच्या भूमीत तुला वतन मिळणार नाही, तुझा वाटा आणि तुझे वतन मीच आहे. मराठी बायबलात येथे 'वतन' हाच शब्द योजला आहे, आणि पहिल्यांदा वाचताना मी त्या शब्दापाशीच थांबले. वतन म्हणजे काय, हे अलिबाग तालुक्यात वाढलेल्या माणसाला कोशात पाहावे लागत नाही. खोतीविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला, तो याच तालुक्यात. जमीन कोणाच्या नावावर आहे, या एका प्रश्नावर येथे पिढ्या उभ्या राहिल्या आणि आडव्या झाल्या. अशा ठिकाणी बसून, एका संपूर्ण वंशाला जमीन मुद्दाम दिली नाही आणि तोच त्याचा मान ठरवला, हे वाचणे सोपे नव्हते.

तो वंश लेवीचा, अहरोनही त्यातलाच. कनान देशाची वाटणी झाली तेव्हा बाकीच्या वंशांना शेतजमिनीचे प्रदेश मिळाले, लेव्यांना मात्र इतरांच्या प्रदेशांत विखुरलेली ४८ नगरे आणि त्यांच्या भोवतीची गुरचरण एवढेच मिळाले. त्यांपैकी १३ नगरे अहरोनाच्या वंशातल्या याजकांची. पोटासाठी लेव्यांना लोकांच्या उत्पन्नाचा दशमांश नेमून दिला होता, आणि त्या दशमांशाचाही दहावा भाग त्यांनी याजकांना द्यायचा होता. म्हणजे जो दुसऱ्याच्या दानावर जगतो त्यालाही दान चुकलेले नाही. ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

याजकाच्या वाट्याला काय यायचे, हे त्या ग्रंथांत इतक्या बारकाईने सांगितले आहे की वाचता वाचता एखाद्या देवळाच्या मागच्या खोलीत उभे असल्यासारखे वाटते. शांत्यर्पणाच्या पशूचे ऊर आणि उजवी मांडी, धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा प्रथमभाग, मेंढरांची पहिली लोकर. दर शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या शनिवारी, पवित्रस्थानातल्या मेजावर सहा-सहांच्या दोन रांगांत १२ भाकरी मांडायच्या आणि उतरवलेल्या भाकरी याजकांनी पवित्र जागीच खायच्या. अनुवाद या नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात तर एक टोपलीच डोळ्यांसमोर येते: शेतकरी पहिले पीक टोपलीत घालून आणतो, याजक ती त्याच्या हातून घेऊन वेदीपुढे ठेवतो, आणि मग शेतकरी आपल्या पूर्वजांची हकिगत मोठ्याने सांगतो, की आम्ही मिसर देशात दास होतो आणि देवाने आम्हांला येथे आणले.

ती टोपली मी पाहिलेली आहे. आमच्या घरी गुरवकी होती. झोडणी आटोपली की आजोबा खळ्याखळ्यावर जात, आणि प्रत्येक घर आपापल्या ऐपतीप्रमाणे सुपातून भात घाली. गावाच्या टोकाला एक विधवा बाई राहत असत. त्यांचे सूप भरलेले कधीच नसे, पण त्या भात घालण्यापूर्वी ते पाखडून घेत, एकही पळींज राहू देत नसत, आणि आजोबा आपल्या खांद्यावरचे उपरणे पसरून ते मूठ-दोन मूठ भात वेगळे बांधून आणत. घरी आल्यावर नैवेद्याचा पहिला भात त्याचाच शिजे. देवळाची म्हणून जी दोन खाचरे होती, त्यांच्या सातबाऱ्यावर देवाचे नाव होते, आमचे नव्हते. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव सगळ्या इस्राएलालाच सांगतो, की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्यापाशी उपरे आहात. तेव्हा मला वाटते, की तिथे सगळेच कुळे होते आणि लेव्याला कूळवहिवाटही नव्हती, म्हणूनच बाकीच्यांना आपण कोण आहोत याचा विसर पडू नये, याची आठवण तो नुसता दारात उभा राहूनच करून देत असावा.

परंतु देवावर विसंबणे म्हणजे प्रत्यक्षात माणसांच्या स्मरणावर विसंबणे. मिसर सोडल्यावर रानात मान्ना नावाचे अन्न आकाशातून पडत होते, माणशी एक ओमर या मापाने, आणि दुसऱ्या दिवसासाठी राखले तर त्यात किडे पडत. देशात स्थिरावल्यावर मात्र तोच घास शेजाऱ्याच्या खळ्यावरून यायचा होता. म्हणूनच अनुवादाच्या पुस्तकात वारंवार बजावले आहे, की आपल्या वेशीतल्या लेव्याला टाकू नको, आणि दर तिसऱ्या वर्षीच्या दशमांशाच्या वाटपात त्याचे नाव उपरा, अनाथ आणि विधवा यांच्या ओळीत घातले आहे. देवाच्या सेवकाची जागा श्रीमंतांच्या पंक्तीत नाही, ती तिथे आहे.

या व्यवस्थेला दोन्ही बाजूंनी कीड लागली, आणि ग्रंथाने ती लपवलेली नाही. शिलो येथे एली या याजकाचे मुलगे मांस शिजत असतानाच चाकराकरवी तीन दातांचा काटा भांड्यात खुपसत आणि वर येईल ते घेऊन जात. चरबीचे हवन होण्याआधीच कच्चे मांस मागत, आणि न दिल्यास बळजबरीची धमकी देत. उलट यहूदाचा सुभेदार नहेम्या याच्या काळी, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, लोकांनीच देणे थांबवले. तो यरुशलेमेला परत आला तेव्हा ज्या कोठडीत धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचे दशमांश ठेवायचे ती टोबीया नावाच्या त्याच्या विरोधकाला राहायला दिलेली होती, आणि लेवी व गायक मंदिर सोडून आपापल्या शेतांकडे पळाले होते. नहेम्याने टोबीयाचे सामान बाहेर फेकले, कोठड्या शुद्ध करवल्या, आणि वाटपासाठी विश्वासू माणसे नेमली.

ही हकिगत वाचताना मला आमच्याकडचे एक वर्ष आठवते. पाऊस ऐन निसवणीत गेला होता, लोकांच्याच कणग्या रित्या होत्या, आणि आजोबा पहाटेची पूजा उरकून दुसऱ्याच्या सुपारीच्या वाडीत शिंपण्याला जात. त्यांनी गावाला बोल लावला नाही. पण दुपारच्या नैवेद्याला ते ओल्या पायांनी धावत येत, हे मी पाहिलेले आहे.

आमच्या परसाच्या गडग्यापलीकडे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहूद्यांपैकी, एक कुटुंब राहत असे. त्यांना गावात शनवार तेली म्हणत, कारण त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. एलीया संदेष्टा त्यांचा फार लाडका. सारफथच्या विधवेच्या घरी मूठभर पीठ आणि थोडेसे तेल दुष्काळभर पुरले, ती गोष्ट मी बायबल उघडण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या आजींकडून ऐकली होती. एलीयाच्या नावाने त्यांच्याकडे मलिदा झाला की गूळ, खोबरे घातलेले पोहे आणि फळे यांचे एक ताट गडग्यावरून आमच्याकडे येई. ताट रिकामे परत पाठवायचे नाही, ही रीत. पण देवळात वाढवलेला नारळ त्या घरी चालणार नाही, हे आजोबांना ठाऊक होते, म्हणून ते परसातल्या माडाचा, कुठल्याही देवापुढे न ठेवलेला नारळ स्वतः सोलत आणि शेंडी राखून त्या ताटात ठेवत.