भागीदारीतले दुसरे नाव

आपल्या स्वातंत्र्याच्या आगेमागेच्या वेस्ट इंडिज क्रिकेटविषयी बोलायचे म्हणजे वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या तिघा बार्बाडोसकरांपासून सुरुवात करायची, असा एक अलिखित नियमच आहे. जुने धावफलक वाचताना मी मात्र वारंवार थबकतो तो त्रिनिदादच्या जेरी गोमेझपाशी, कारण मोठ्या भागीदारीत हा गृहस्थ हटकून दुसरे नाव म्हणून येतो.

१९३९ च्या इंग्लंड दौऱ्यात १९ व्या वर्षी तो कसोटी खेळला आणि लगेच युद्ध पेटले. पुढची कसोटी मिळेपर्यंत १९४८ उजाडले. ऐन उमेदीची ती वर्षे वेस्ट इंडिजमधल्या ब्रिटिश वसाहतींच्या आपसांतल्या सामन्यांत गेली. या वसाहतींमधली नियमित शेल शील्ड स्पर्धा सुरू व्हायला १९६६ पर्यंतचा अवकाश होता, जमैका सुमारे हजार मैलांवर असल्याने गाठी पडत त्या मुख्यतः बार्बाडोस आणि ब्रिटिश गयानाशीच, आणि घरचे मैदान म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनचे, जिथे चेंडू गवतावर नव्हे तर तागाच्या मॅटिंगवर पडत असे. तिथेच ब्रिटिश गयानाविरुद्ध १९४६-४७ च्या हंगामात तिसऱ्या गड्यासाठी ४३४ धावांची भागीदारी झाली. त्यात गोमेझच्या १९० धावा होत्या. पण जोडीदार जेफ स्टॉलमायरने ३२४ केल्यावर १९० ची आठवण कोण ठेवणार?

दिल्लीत भारताविरुद्ध १९४८ च्या नोव्हेंबरात हेच घडले. ३ बाद २७ अशी अवस्था असताना त्याने वॉलकॉटबरोबर २६७ धावा जोडल्या आणि कारकिर्दीतले एकुलते एक कसोटी शतक, १०१, पूर्ण केले; परंतु डाव ६३१ पर्यंत गेला, त्यात एकूण चार शतके झाली आणि सर्वांत मोठे, १५२ धावांचे, वॉलकॉटचे ठरले.

मूळचा फलंदाज असलेला हा माणूस मध्यमगती गोलंदाजीही पुढे इतकी चांगली करू लागला, की १९५२ च्या जानेवारीत सिडनीला त्याने ५५ धावांत ७ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला ११६ धावांत गुंडाळले. हा पराक्रम तरी निर्विवादपणे त्याचा एकट्याचा होता. त्याच्या संघाने मात्र उत्तरादाखल ७८ धावा केल्या आणि सामना गमावला. एकूण २९ कसोटींत १२४३ धावा आणि ५८ बळी, हा त्याचा हिशेब आहे.

१९४८ साली एका कसोटीचे कर्णधारपदही त्याच्याकडे आले. गुण होतेच, पण त्या काळी कर्णधारपदाचे दार गोऱ्या कातडीला जरा लवकर उघडे, हेही नमूद केले पाहिजे. पुढे १९६०-६१ मध्ये वॉरेलचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा गोमेझ त्याचा व्यवस्थापक होता.

आणि १९६५ चा ब्रिटिश गयानातल्या जॉर्जटाउनचा सामना! ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीच्या तोंडावर पंचांच्या स्थानिक संघटनेशी वाद होऊन नेमलेल्या पंचाने माघार घेतली. गोमेझकडे पंचाचे प्रमाणपत्र होते, पण त्याने तोवर एकाही प्रथम श्रेणी सामन्यात पंचगिरी केलेली नव्हती; शिवाय तो निवड समितीत होता. तरीही तो पांढरा कोट चढवून उभा राहिला आणि खेळ संपल्यावर रेडिओवर दिवसाचा आढावाही त्यानेच घेतला. संघ निवडणारा, पायचीत देणारा आणि त्यावर संध्याकाळी बोलणारा माणूस एकच, ही व्यवस्था आजच्या कोणत्याही आचारसंहितेत बसणार नाही; स्वतःच्याच निर्णयांचा आढावा घेताना तो घसा किती वेळा खाकरत असेल, एवढेच कुतूहल मला वाटत राहते.