तेलातलं पाणी

30 जानेवारी 2019, बुधवार. मिनियापोलिसला त्या पहाटे उणे 28 फॅरनहाइट, म्हणजे उणे 33 सेल्सिअस तापमान होतं. वाऱ्यामुळे अंगाला ते उणे 50 फॅरनहाइटच्याही खाली लागत होतं. शाळा बंद होत्या, मिनेसोटात टपालवाटपसुद्धा थांबवलं होतं. आम्हाला मात्र सुट्टी घेऊन चालणार नव्हतं. मी एका उपनगरातल्या वृद्धनिवासात आवाराची देखभाल बघायचो. तिथल्या तिघांना सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला न्यायला साडेपाच वाजता गाडी यायची. व्हीलचेअर गाडीपर्यंत पोहोचायची तर दारापासून वाट मोकळी हवी, आणि वाऱ्याने तिथेच गुडघाभर बर्फ आणून टाकला होता.

पावणेचारला ट्रॅक्टर सुरू केला. पंचवीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर, पुढे बर्फ ढकलायचं पातं. ब्लॉक हीटर रात्रभर प्लगला होता, त्यामुळे इंजिन लगेच लागलं. इथेच माणूस फसतो. ब्लॉक हीटर गरम करतो इंजिन. मागच्या आसाच्या पेटीतलं हायड्रॉलिक तेल तसंच गार राहतं. आमच्या या ट्रॅक्टरमध्ये चाकं फिरवायला आणि पातं उचलायला तेच एक तेल. थंडीत त्याची काकवी होते. मी वाळवा तालुक्यातला, उसाच्या पट्ट्यातला. काहिलीतून काढलेली काकवी गार झाल्यावर कशी ओघळते ते लहानपणापासून बघितलंय. म्हणून वीस मिनिटं इंजिन मंद चालू ठेवलं, पातं हळूहळू वर-खाली केलं, मगच बाहेर काढला.

पहिली वीस मिनिटं छान गेली. असल्या थंडीत बर्फ कोरडा असतो, साखरेसारखा करकरतो, पात्यापुढून सहज सरकतो. मीठ टाकून उपयोग नसतो, इतक्या थंडीत ते काम करत नाही. आम्ही वाळूच टाकायचो. मी दाराच्या छताखाली वळलो आणि ते तेल ढकलणारा पंप किंचाळायला लागला. पातं अर्ध्यात अडकलं. पेडल दाबलं तर चाकं कण्हल्यासारखी हलली आणि थांबली. गाडी जिथे उभी राहणार, नेमकी तीच जागा.

सोबतचा पोरगा धावत आला. म्हणाला, "रेस दे, गरम झाला की चालेल."

मी इंजिनच बंद केलं. पंपाला तेल मिळत नसलं की तो असा ओरडतो. त्या अवस्थेत रेस दिली तर पंप आतून खरवडून निघतो, आणि मग तो हिवाळाभर गेला म्हणून समजायचं. आमच्या अप्पांचा ट्रॅक्टर जुना होता, त्यात यातलं काही नव्हतं, पण आवाज बदलला की आधी पाय काढायचा हे त्यांनी मला बारा वर्षांचा असताना शिकवलं होतं.

गिअरचा दांडा न्यूट्रलला नेताना दोघांचा जोर लागला. पिकअपला पट्टा बांधून ट्रॅक्टर शेडमध्ये ओढला. साडेचार होऊन गेले होते. मग फावडी. उघडी कातडी काही मिनिटांत गोठते, म्हणून दहा मिनिटं बाहेर, पाच मिनिटं आत, असं आळीपाळीने. आमचा म्हातारा फोरमन, ज्याला डॉक्टरांनी फावडं धरायला मनाई केली होती, तोही ऐकेना. शेवटी त्याला मी वाळूची बादली दिली. पाच पस्तीसला गाडी आली तेव्हा वाट जेमतेम व्हीलचेअरएवढी झाली होती. दोन घोंगड्यांत गुंडाळलेल्या आजीबाईंनी जाताना हातमोज्यातला हात किंचित वर केला. तिघंही वेळेवर गेले.

सातला ट्रॅक्टरखाली आडवा झालो. तेल काढायचा नट उघडला, तर एक थेंब नाही. हॉट एअर गन लावली. थोड्या वेळाने भोकातून बोटाच्या पेराएवढा बर्फाचा तुकडा बादलीत पडला, त्यामागून पाणी, आणि मग तेल. ते मधाच्या रंगाचं हवं. आलं दूध जास्त पडलेल्या चहासारखं. गाळणी बाहेर काढली तर तिच्या जाळीत करडा बर्फ घट्ट बसलेला. तेल जाणार कुठून?

कारण आमच्याच वापरात होतं. रोज अर्धा तास काम, लगेच उबदार शेडमध्ये, पुन्हा बाहेर. पेटीत दमट हवा जाते, थंड लोखंडावर तिचं पाणी होतं, आणि इतक्या थोड्या वेळात तेल कधी नीट तापतच नाही की ते उडून जावं. पाणी तळाशी साचत राहतं.

मला सूचना मिळाली होती, हे लिहायलाच हवं. पातं उचलायला एरवी तीन आकडे मोजेपर्यंतचा वेळ लागतो. सोमवारी आठ लागले होते. थंडी आहे, म्हणून मी सोडून दिलं. तेल तपासायची पट्टी काढून बघितली असती तर रंगावरून तेव्हाच कळलं असतं. त्या तिघांपैकी एखाद्याचं डायलिसिस चुकलं असतं तर, हा विचार मला त्या आठवड्यात रात्री झोपू देत नव्हता.

नवीन गाळणी, हिवाळ्याचं पातळ तेल. ते भरून दिवसभर ट्रॅक्टर चालवला, पेटी हाताला कोमट लागेपर्यंत. शुक्रवारी पहाटे पुन्हा त्याच छताखाली वळलो, लिव्हर ओढला आणि मोजायला लागलो. तीन.