सांकेतिक ताब्याचा फ्लॅट लिलावात घेतला, त्याचा अनुभव

पेपरात बँकांच्या लिलावाच्या नोटिसा येतात ना, बारीक अक्षरात, पानभर. त्यातलाच एक वन बीएचके आम्ही घेतला, दुरुस्त केला आणि विकला. आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ, तो छोटी सिव्हिल कामं घेतो. सगळं व्हायला चौदा महिने लागले आणि त्यातले सात नुसते ताब्यात गेले, म्हणून जास्त त्याचंच लिहितेय.

नोटिशीत रिझर्व्ह प्राइस, म्हणजे बोलीची किमान किंमत, ३८ लाख होती, आजूबाजूला तसे फ्लॅट पंचावन्नच्या वर जात होते. भाऊ म्हणाला ताई हे सोडायचं नाही. मी नोटीस तीनदा वाचली, खाली ‘सांकेतिक ताबा’ असं लिहिलेलं होतं, आणि खरं सांगते, त्याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता. त्याचा अर्थ असा की बँकेने सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी तारण घर ताब्यात घेऊन विकायचा कायदा) दारावर नोटीस चिकटवलीय, कागदावर ताबा घेतलाय, पण घरात माणसं राहतायत. त्यामुळे इन्स्पेक्शनच्या दिवशी आम्हाला दाखवलं काय तर जिना आणि बंद दार. आत काय अवस्था आहे ते न बघताच बोली लावली. आज मी असं करणार नाही.

ईएमडी, म्हणजे बोलीआधी भरायची अनामत, १० टक्के, म्हणजे ३ लाख ८० हजार आधीच भरले. बोली ऑनलाइन. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली टाकली की वेळ आपोआप वाढायची, असं चार वेळा झालं आणि ४१ लाख ३० हजाराला आमच्याकडे आला. आनंद एक संध्याकाळ टिकला, कारण एकूण २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावे लागतात, ईएमडी वजा जाता साडेसहा लाख. ते तयार होते. पण उरलेले ७५ टक्के विक्री कन्फर्म झाल्यापासून पंधरा दिवसांत, आणि ज्या बँकेत मी लोन मागितलं तिने सांकेतिक ताबा बघून सरळ नकार दिला. नाही भरले तर भरलेले पैसे जप्त होतात, ती भीती काय असते ते मी त्या आठवड्यात बघितलं. शेवटी लिलाव करणाऱ्या बँकेला लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून घेतली (नियमात लेखी संमतीने जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत वाढते), सोनं ठेवलं, नातेवाइकांकडून घेतले आणि दीड महिन्यात भरले. मग सेल सर्टिफिकेट, म्हणजे बँकेचा विक्रीचा दाखला, मिळालं, त्यावर स्टॅम्प ड्युटी भरून नोंदणी केली.

कागदोपत्री मालक झालो, पण किल्ली नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सरफेसीच्याच कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, आदेश ३० दिवसांत आणि कारण असेल तर ६० दिवसांत व्हावा असं कायद्यात आहे, आमचं सगळं मिळून सात महिने गेलं. मधे कर्जदाराने डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) अर्ज टाकला, स्टे मिळाला नाही, पण तारखा पडत राहिल्या. मी दर आठवड्याला बँकेत जाऊन बसायचे. शेवटी पोलिस यायच्या आधीच ते कुटुंब घर सोडून गेलं. पंचनाम्याला दार उघडलं तर दाराखालून सरकवलेल्या बिलांचा ढीग, आणि बाल्कनीतल्या तारेला चिमटे तसेच लावलेले. त्या माणसांचा मला राग आला नाही, वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

त्या ढिगातच पुढचा खर्च होता. सोसायटीची थकबाकी १ लाख ८५ हजार, विजेची ४६ हजार. नोटिशीत ‘जसे आहे जेथे आहे’ लिहिलेलं असतं, म्हणजे हे सगळं घेणाऱ्यावर. जुन्या मालकाचं वीजबिल नव्या कनेक्शनआधी घेणाऱ्याकडून मागता येतं हे सुप्रीम कोर्टानेही २०२३ साली मान्य केलंय, त्यामुळे भांडण्यात अर्थ नव्हता.

काम त्यामानाने सोपं गेलं, वायरिंग नवीन, किचन ओटा, रंग. त्रास दिला तो बाथरूमने. खालच्या काकूंच्या छताला ओल होती, म्हणून फरश्या उखडून वॉटरप्रूफिंग केलं, ४८ तास पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खाली परत थेंब, नहाणी ट्रॅपचा, म्हणजे बाथरूमचं पाणी जायच्या जाळीखालच्या भागाचा, जॉइंट गळत होता. भावाने तो पूर्ण काढून परत बसवला, मग पुन्हा ४८ तास. काकूंनी स्वतः वर येऊन सांगितलं कोरडं आहे, तेव्हाच फरशी लावली. दुरुस्तीला ५ लाख २० हजार लागले.

५८ लाखाला विकला. ड्युटी, थकबाकी, व्याज सगळं धरून हातात साधारण चार लाख, आणि २४ महिन्यांच्या आत विकल्यामुळे तो नफा शॉर्ट टर्म, म्हणजे आपल्या स्लॅबने टॅक्स. दोघांत वाटून घ्यायचे ते वेगळेच.

आता दुसरी एक नोटीस काढून ठेवलीय, प्रत्यक्ष ताबा लिहिलंय. शनिवारी इन्स्पेक्शन आहे, भाऊ बाथरूम बघेल, मी आधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन थकबाकीचा आकडा लेखी मागणार आहे.