दोन सप्लायर, एकच विहीर

४ एप्रिल २०२५ला चीनने डिस्प्रोशियम, टर्बियमसह सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीला परवाना लावला. मी निवांत होतो. चाकणला आम्ही ई-स्कूटरच्या मोटारी बनवतो, परचेस माझ्याकडे. मॅग्नेटला दोन सप्लायर, एक पुण्याचा, एक राजकोटचा. दर ऑडिटला हे दाखवून शाबासकी घ्यायचो.

मेमध्ये एकाच आठवड्यात दोघांचे फोन. "साहेब, माल अडकलाय." जुन्या पॅकिंग लिस्ट काढून शेजारी-शेजारी ठेवल्या. दोघांचाही माल चीनमधल्या निंगबोच्या एकाच कारखान्यातला!

स्टोअरच्या काकांनी कपाट उघडलं. १९ दिवसांचा माल. "स्टॉक म्हणजे अडकलेला पैसा" हे माझंच वाक्य. काका काही बोलले नाहीत, फक्त कपाटाची चावी जरा जोरात फिरवली.

मग चीनच्या परवान्यासाठी कागद. मॅग्नेट लष्करी कामाला जाणार नाहीत असं हमीपत्र, ड्रॉइंग, ग्राहकाचं पत्र, शिक्क्यांवर शिक्के. फाइल तीनदा परत आली. एकदा तर एका कागदावर 'गट नंबर' आणि दुसऱ्यावर 'प्लॉट नंबर' होता म्हणून. चाकणचा गट नंबर परदेशी माणसाला काय समजावणार?

खरा मार्ग डिझाइनच्या टेबलावर निघाला. मोटर तापली तरी मॅग्नेटची ताकद टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोशियम घालतात. साधा ग्रेड ८० अंशांपर्यंत, आमचा 'एसएच' नावाचा ग्रेड १५०पर्यंत टिकतो. डिस्प्रोशियम-टर्बियम नसलेल्या मॅग्नेटला मात्र परवाना लागत नव्हता. तसा, १२०ला टिकतो म्हणणारा ग्रेड मागवला. तुकडे एकमेकांना इतके घट्ट चिकटत की वेगळे करताना माझ्या अंगठ्याचं सालटं निघालं. ओव्हनमध्ये तापवून, थंड करून चुंबकाची ताकद मोजणारा गॉसमीटर लावला. छोट्या मॉडेलला चालेल एवढा आकडा आला. मोठ्याला नाही. छोटं जुलैत सुरू झालं. मोठ्याची लाइन २३ दिवस बंद राहिली आणि कंत्राटी पोरांना घरी बसावं लागलं. ते मला अजून टोचतं.

आता प्रत्येक सप्लायरला विचारतो, तुमचा माल येतो कुठून? आवडत नाही कुणाला. राजकोटवाले तर फोनच उचलत नाहीत हल्ली. काकांच्या कपाटात ६० दिवसांचा माल असतो, आणि महिनाअखेरीला अकाउंट्सवाल्यांचा मेल येतो, व्याजाचा आकडा लाल करून.