फॉर्मवरचा मोबाईल नंबर कुणाचा?

इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेत, कागदपत्रं तपासून घ्यायचा शेवटचा दिवस. आमचं सुविधा केंद्र उघडायच्या आत रांग जिन्यापर्यंत आलेली. ई-स्क्रुटिनी, म्हणजे कागदांची ऑनलाइन तपासणी, आल्यापासून बऱ्याच जणांचं काम घरबसल्या होतं. टेबलापर्यंत येतात ते कुठंतरी अडलेले.

सकाळचे अर्ज नेहमीच्या चुकांचे. मोबाईलवर काढलेल्या फोटोत दाखल्याचा गोल शिक्काच कापला गेलेला. नॉन-क्रिमिलेअर आहे, पण त्याची मुदत यंदाच्या ३१ मार्चला संपलेली. लागतं पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं. एका मुलानं केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र आणलं होतं. ते जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या, प्रवेशाला चालतं, आणि तिथं ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. राज्याच्या कॅपला राज्याचाच नमुना हवा. आयआयटी-एनआयटी आणि राज्यातली कॉलेजं, दोन्हीकडं अर्ज करायचा असेल तर हे दोन वेगळे कागद आहेत, आणि दोन्हींसाठी सेतू केंद्रावर वेगळा अर्ज करावा लागतो. बारावीच्या वर्गात हे एकदा तरी कुणी सांगायला हवं. सहसा सांगत नाहीत.

एकच्या सुमारास एक मुलगी आणि तिचे वडील आले. सीईटीला ९४ पर्सेंटाइल, प्रवर्ग ओबीसी. फाइल नीट लावलेली: दोन्ही मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. अधिवास प्रमाणपत्र नव्हतं, पण अडलं नाही. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली आणि दाखल्यावर जन्मस्थळ महाराष्ट्रातलं असलं की टाइप ए (महाराष्ट्रातला उमेदवार) साठी तेवढं पुरतं. मात्र त्या रकान्यात गावाबरोबर तालुका-जिल्हाही लिहिलेला असावा; नुसत्या गावाच्या नावावर वाद होतो.

जात वैधतेची, म्हणजे जातीचा दाखला तपासून पडताळणी समिती देते त्या प्रमाणपत्राची, मात्र फक्त अर्जाची पावती होती, फेब्रुवारीची.

"पावतीवर होतंय ना सर?" वडिलांनी विचारलं.

होतं, पण अर्धंच. पावती लावून अर्ज निश्चित होतो, गुणवत्ता यादीत ओबीसी म्हणून नावही येतं. मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत अपलोड झालं नाही तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. मुदतवाढ कधीकधी मिळते. ती मिळेलच असं धरून बसू नये.

फेब्रुवारीचा अर्ज, आता जुलै. एवढा वेळ काहीच कळलं नाही, हे खटकलं. "लॉगिन करून बघितलंत?"

"ते नेटवाल्याकडं असतं."

पासवर्ड बदलायला ओटीपी लागतो आणि तो नेटवाल्याच्या मोबाईलवर जातो. तिसऱ्या फोनला त्यानं उचललं, आकडे वाचून दाखवले. खातं उघडलं तर समितीनं मार्चच्या अखेरीसच त्रुटी काढलेली. मेसेज गेला होता त्याच्या नंबरवर, मेल त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर. त्याला रोज असले ढीगभर मेसेज येतात. कुणाचा कुठला हे तो तरी कसं ओळखणार?

त्रुट्या दोन होत्या. पहिली, जातीचा पुरावा मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा, नाही. ओबीसीसाठी तो दिनांक १३ ऑक्टोबर १९६७, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. यांनी जोडला होता वडिलांचा शाळेचा दाखला, आणि वडिलांचा जन्मच १९६७ नंतरचा. इथं आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा कागद लागतो: जिल्हा परिषद शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली नोंद, जुना महसुली कागद. आजोबांचा उतारा सोबतच होता! पिशवीच्या तळाशी, लॅमिनेशन करून ठेवलेला. "जुना आहे, फाटलाय, म्हणून नाही लावला."

दुसरी त्रुटी नावाची. वडिलांच्या दाखल्यावर आजोबा 'बाबू रामा', वंशावळीत 'बाबुराव रामचंद्र'. तपासणाऱ्याच्या लेखी ही दोन माणसं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत लावलं की प्रश्न मिटतो. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र म्हणजे नमुना ३. ते लिहितानाच कागदावर जसं नाव आहे तसं लिहून पुढं 'उर्फ' टाकलं असतं तर त्रुटी निघालीच नसती.

मग नेहमीचा प्रश्न विचारला: घरात कुणाची व्हॅलिडिटी झालीय का?

"भावाच्या पोराची झालीय की. दोन वर्षं झाली."

सख्ख्या चुलत भावाचं वैधता प्रमाणपत्र! वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला याच्याइतका वजनदार पुरावा दुसरा नाही, आणि ते अर्जाला जोडलंच नव्हतं. प्रत्येकाची व्हॅलिडिटी ज्याची त्याची, असा समज. पुतण्यानं लगेच व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तो लावू दिला नाही. फोटो दाबला जाऊन प्रमाणपत्र क्रमांक पुसट होतो. स्कॅन करून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून आजोबांचा उताराही स्कॅन करून आणला. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र होऊन पूर्तता अपलोड व्हायला साडेचार वाजले.

मधल्या वेळात मुलीनं वहीत लिहिलेली कॉलेजची यादी दाखवली. जास्तीत जास्त ३०० पर्याय भरता येतात. तिनं अकराच लिहिले होते, गेल्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमानं. पसंतीक्रम कटऑफवर लावायचा नसतो, मनावर लावायचा असतो. वरचं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालचा हक्क जात नाही. उलट पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप गोठते, मग पुढच्या फेरीत बदल नाही. म्हणून जिथं जायचंच नाही ते पहिल्या ओळीत नको. कटऑफ पाहताना तिनं जीओबीसीएच, म्हणजे ओबीसीच्या सर्वसाधारण जागांचा, हाच रकाना पाहिला होता. एलओबीसीएच हा मुलींचा, तोही पाहायचा. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, आपल्या भागातलं विद्यापीठ; ओ म्हणजे त्याबाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. आणि व्हॅलिडिटी वेळेत आली नाही तर काय, म्हणून खुल्या प्रवर्गाच्या कटऑफमध्ये बसणारी कॉलेजंही यादीच्या शेवटी घालायला सांगितली. ट्यूशन फी वेव्हरच्या, म्हणजे फी माफीच्या, जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी येतं. उत्पन्नाचा दाखला असेल तरच ते कोड भरायचे.

अर्ज निश्चित करून पावती छापली, तेव्हा मोबाईलच्या रकान्याकडं लक्ष गेलं. कॅपच्या अर्जावरही नेटवाल्याचाच नंबर. तो बदलून मुलीचा टाकला.

निघताना नेटवाल्याला पुन्हा फोन केला आणि पडताळणी समितीचे असले मेसेज पाठवून दे म्हटलं. त्यानं सात स्क्रीनशॉट पाठवले, सगळे त्रुटीचे. त्यातली दोन नावं आमच्या यादीत सापडली, पावतीवर निश्चित झालेली. त्यांच्या अर्जावरचे नंबर लावून पाहिले. दोन्ही वेळा उचलणारा तोच.